शाळेच्या सुरक्षिततेत पालकांचा वाटा

प्राथमिक शाळेतील मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेच्या ताब्यात असते. त्या वेळेत त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेची, यावर दुमत नाही. मात्र सुरक्षिततेचे नियम ठरविताना आणि त्यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवताना पालकांनाही कायद्याने स्थान दिले आहे, याची जाणीव फार थोड्या पालकांना असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन आहे. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, तर मुख्याध्यापक सचिव असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे मुख्य काम. कुंपणभिंत, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची शेड या गोष्टी कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. त्यांतील त्रुटी आराखड्यात नोंदवल्या गेल्या, तरच निधीची मागणी पुढे सरकते.

हे अधिकार सर्वत्र सारखे नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांतील समितीची भूमिका केवळ सल्लागाराची राहिली. विनाअनुदानित शाळांना तर कलम २१ लागूच नाही. तेथे राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार पालक-शिक्षक संघ असतो. पण त्या कायद्याचा रोख शुल्कावर आहे. फीवाढीच्या बैठकीला होणारी गर्दी सुरक्षिततेच्या विषयाला क्वचितच होते. स्कूलबससाठी २०११ च्या नियमांनी स्वतंत्र परिवहन समिती नेमली असून, तीत मुख्याध्यापकांसह पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस व परिवहन विभागाचे अधिकारी असतात. बसमध्ये मुली असतील, तर महिला मदतनीस आवश्यक ठरते.

कुंभकोणम ते बदलापूर

सुरक्षिततेचे बहुतेक नियम दुर्घटनांनंतरच आले, हे कटू असले तरी खरे आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवती छपरातून वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ मुले दगावली. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी दिलेल्या निकालात सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. अग्निशमन साधने आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. नऊ वर्षांनी, पुन्हा १६ जुलैलाच, बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशकमिश्रित माध्यान्ह भोजनाने २३ मुलांचा बळी घेतला. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांसह प्रौढांनी अन्नाची चव घ्यावी, हा दंडक किती आवश्यक आहे, हे त्यातून दिसले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखली. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांचा समावेश होता. सखी सावित्री समितीचा निर्णय तर मार्च २०२२ मध्येच झाला होता. विशेष म्हणजे शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. या मुली त्याहून लहान होत्या.

अशा प्रसंगी 'आधी शाळेच्या पातळीवर चौकशी करू' ही भूमिका कायद्यात बसत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. हाताखालील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. हे शिक्षकांना जितके ठाऊक हवे, तितकेच पालकांनाही.

समित्यांची संख्या इतकी वाढली होती, की २०२५ मध्ये शासनालाच त्यांचे एकत्रीकरण करावे लागले. समिती कोणतीही असो, पालकांनी बैठकीच्या इतिवृत्तात साधे प्रश्न नोंदवून घ्यावेत. लहान मुलांना स्वच्छतागृहापर्यंत कोण नेते? तेथील सफाई कोणत्या वेळी होते? शाळा सुटल्यावर नेहमीची व्यक्ती आली नाही, तर मूल कोणाच्या स्वाधीन केले जाते? मधल्या सुट्टीत फाटकावर कोण उभे असते? एका वर्गशिक्षिकेवर चाळीस मुले असतील, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नसणे हा तिचा दोष नव्हे; मदतनीस नेमण्याची मागणी तिच्या एकटीने न करता पालकांनीही लेखी करायला हवी. तक्रारपेटीची किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडे राहणार, की ती पालक प्रतिनिधीसमोरच उघडली जाणार, हेही पहिल्याच बैठकीत ठरवून घेता येते.