चार स्क्रू, पाच पोझिशन आणि एक घूंऽऽ

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. सोसायटीच्या मांडवात आमचा हौशी ऑर्केस्ट्रा होता. एक तबलजी, एक कीबोर्डवाली, दोन गायक आणि गिटारवर अस्मादिक. माळांची लायटिंग, डिमरवर लावलेले मोठे दिवे, आणि सगळ्यांचं कनेक्शन एकाच बोर्डावर. मी वायर अँपला लावली, आवाज वाढवला आणि स्पीकरमधून सुरू झालं, घूंऽऽऽ. पहिल्या रांगेतले एक काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तो पंखा बंद करा रे आधी!" मंडळी, पंखा नव्हताच तिथे. मी होतो.

त्या रात्री ठरवलं की आता दुसरी गिटार घ्यायची. पहिली सहा वर्षांपूर्वी ९ हजारांना घेतली होती. तिच्यावर हात बसला, बोटांना घट्टे पडले, तिचे उपकार आहेतच. पण दर दोन गाण्यांनंतर तारा उतरतात, पावसाळ्यात नेक वाकते, आणि हा पंखा. घरी बजेट मंजूर करून घेतलं, ४० हजार. बायकोने एकच प्रश्न विचारला, "एकच घेणार आहेस ना?" म्हटलं, एकच. म्हणजे त्या एकीवर आरडीची गाणीही वाजली पाहिजेत, थोडे ब्लूजही, आणि शेवटी पोरांना हवा असतो तो धिंगाणाही.

दुकानात गेलो तर प्रत्येक गिटार 'व्हर्सटाइल'! जिला तीन पिकअप ती व्हर्सटाइल, जिला दोन तीही व्हर्सटाइल. माझी एक धंदेवाईक सवय आहे. जुना कोड हातात आला की तो काय करतो ते नंतर बघतो, आधी हिस्टरी काढून बघतो की ही ओळ इथे आली कशी, कोणाची तक्रार होती. म्हटलं गिटारचंही तेच करून बघू. दोन-तीन वीकेंड त्यात गेले, आणि जे सापडलं ते असं.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावापासून करू. तिथे लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. गंमत म्हणजे या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत. पण दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी तो नीट ऐकायचा. तेव्हाच्या गिटारी आतून पोकळ होत्या, पिकअप लावून आवाज वाढवला की शिट्टी मारायच्या. लिओने १९५० मध्ये भरीव लाकडाची सपाट फळी घेतली, तिच्यावर पिकअप बसवला आणि नेक चार स्क्रूंनी जोडून टाकली. बिघडली तर काढा आणि दुसरी लावा! आपल्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूलर डिझाइन. हीच पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झाली. तिचं आधीचं नाव 'ब्रॉडकास्टर', पण ग्रेच कंपनी त्याच उच्चाराच्या नावाने ड्रम विकत होती. त्यांनी हरकत घेतल्यावर फेंडरच्या लोकांनी लेबलवरचं नाव कापून काही काळ बिननावाच्याच गिटारी विकल्या. आज त्या बिननावाच्या गिटारींना सोन्याचा भाव आहे.

इथे एक बारीकशी गोष्ट आहे, माझ्या पावसाळ्याशी संबंधित. गिटारच्या नेकमध्ये आतून एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांच्या ताणाने नेक वाकली की ती पिळून सरळ करायची. गिब्सन कंपनीकडे याचं पेटंट १९२३ पासून होतं. लिओला मात्र वाटलं, आपल्या कठीण मेपल लाकडाला असल्या कुबड्या कशाला? सुरुवातीच्या काही गिटारी सळईशिवाय निघाल्या, नेक वाकल्याच्या तक्रारी आल्या, आणि १९५० संपायच्या आत सळई घालावी लागली. म्हणजे खुद्द लिओलाही पहिल्या रिलीजनंतर पॅच टाकावा लागला होता. मला उगाच बरं वाटलं.

१९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. बरगडीत टोचू नये म्हणून कडा गोल केलेल्या, तार थरथरवायला दांडा, आणि तीन पिकअप. दांड्यासकट किंमत २४९ डॉलर ५० सेंट. डिझाइनमध्ये लिओबरोबर फ्रेडी टवारेस होता, मूळचा हवाईचा, स्वतः उत्तम स्टील गिटार वाजवणारा. पिकअप तीन, म्हणून स्विचच्या पोझिशनही तीन. हिशेब सरळ होता. पण वादकांच्या लक्षात आलं की स्विच दोन पोझिशनच्या बरोबर मधे अडकवून ठेवला की दोन पिकअप एकदम वाजतात आणि एक वेगळाच, पोकळ आणि टणटणीत आवाज येतो. झालं! लोक स्विच मधे तोलून धरायला लागले. काहींनी काड्या खोचल्या. डायर स्ट्रेट्सचं 'सुलतान्स ऑफ स्विंग' (१९७८) ऐका, मार्क नॉफ्लरचा तो स्वच्छ, बोलका आवाज त्याच मधल्या जागेतला. फेंडरने अधिकृत पाच पोझिशनचा स्विच दिला १९७७ साली. बगचं फीचर व्हायला तेवीस वर्षं लागली. आमच्या क्लायंटना सांगायला पाहिजे हे. :)

आता येऊ माझ्या पंख्याकडे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. अडचण अशी की हजारो वेढ्यांची कॉइल म्हणजे फुकटचा अँटेनाच. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ, डिमर, ट्यूबचा चोक, सगळं ती गोळा करते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणजे त्यांचा पंखा थोड्या वरच्या सुरात, एवढाच फरक.

यावर उपाय काढला गिब्सनच्या सेथ लव्हरने, मिशिगनमधल्या कॅलामझू गावात. हाही रेडिओवाला, अमेरिकन नौदलात काम केलेला. त्याने एकाऐवजी दोन कॉइल शेजारी-शेजारी ठेवल्या. एकीचं चुंबकाचं टोक उत्तर, दुसरीचं दक्षिण, आणि दोघींची जोडणी उलटी. आता गंमत बघा. बाहेरून येणारी घूंऽऽ दोन्ही कॉइलना सारखीच लागते, पण एक जोडणी उलटी म्हणून दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. तारेचा सिग्नल मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो आणि जोडणीमुळे पुन्हा, म्हणून तो सुलटा होऊन दुप्पट होतो. ज्यांनी नेटवर्क केबलमधल्या पिळलेल्या जोड्या बघितल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही अशीच वजाबाकी करून नको तो आवाज घालवतात. १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज, १९५७ पासून लेस पॉल गिटारवर, आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. नाव ठेवलं हमबकर. (त्याच सुमारास रे बट्स नावाच्या माणसाने ग्रेचसाठी असाच पिकअप केला होता. कल्पनेला दोन-तीन आईबाप असतातच.)

पण फुकट काही मिळत नाही. दोन कॉइल तारेची जास्त लांबी 'ऐकतात', त्यामुळे वरचे चमकदार सूर थोडे दबतात आणि आवाज जाड होतो. लव्हरला आवाज जाड करायचा नव्हता, घूंऽऽ घालवायची होती. जाड आवाज हा साइड इफेक्ट. बाजारात तो चालला नाही, आणि आजची पूजनीय लेस पॉल तिच्या मूळ रूपात १९६१ च्या सुमाराला बंद झाली! मग १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबरच्या अल्बममध्ये तशीच एक जुनी लेस पॉल मोठ्या आवाजाच्या मार्शल अँपला लावली आणि साइड इफेक्टचं सोनं झालं. १९६८ मध्ये गिब्सनला ती परत काढावी लागली.

झाली दोन घराणी. फेंडरचा आवाज स्वच्छ, धारदार, पण घूंऽऽ करणारा. गिब्सनचा शांत, जाड, पण चमक कमी. दोन्ही हवे तर दोन गिटारी घ्या! आणि सत्तरीच्या दशकात दोन्हीकडे रडगाणंच होतं. फेंडर कंपनी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसने विकत घेतली होती. नंतर तिथे स्ट्रॅटच्या चार स्क्रूंचे तीन झाले, आणि काही गिटारींची नेक सांध्यात हलायला लागली. त्यामुळे वादकांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

त्यातला सगळ्यात नामांकित म्हणजे एडी व्हॅन हेलन. त्याला आवाज गिब्सनचा हवा होता, पण घाट आणि दांडा स्ट्रॅटचा. त्याने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची नेक आणली, जुन्या गिब्सनमधला हमबकर काढून त्यात बसवला आणि १९७८ मध्ये पहिला अल्बम काढला. गंमत अशी की ज्या गिटारीपासून आजच्या सगळ्या 'व्हर्सटाइल' गिटारींची वंशावळ सांगतात, तिच्यावर चालू पिकअप एक आणि बटण एक. ती व्हर्सटाइल नव्हतीच. एका माणसाच्या एका तक्रारीचं ते उत्तर होतं.

पुढचं काम लॉस एंजेलिसच्या स्टुडिओवाल्यांनी केलं. सकाळी जाहिरात, दुपारी सिनेमा, रात्री रॉक, अशी ज्यांची रोजी होती, त्यांना एकाच गिटारीत सगळं पाहिजे होतं. ब्रिजजवळ हमबकर, मधे आणि नेकजवळ एकेरी कॉइल, पाच पोझिशनचा स्विच, आणि वर एक बटण ओढलं की हमबकरची एक कॉइल बंद. याच घाटाची पॅसिफिका यामाहाने १९९० मध्ये काढली. तिकडे मेरिलँडमध्ये पॉल रीड स्मिथने १९८५ पासून दोन घराण्यांच्या बरोबर मधे घर बांधलं. फेंडरच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस, याने ठेवली पंचवीस.

आणि हे सगळं माझ्या ४० हजारांत कसं आलं? तीही एक हिस्टरी आहे. जपानी कंपन्या अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला करत होत्या. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबनेझच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यावर दावा लावला, प्रकरण आपसात मिटलं. फेंडरने वेगळा रस्ता धरला. १९८२ मध्ये जपानमध्येच भागीदारी करून मात्सुमोटोच्या फुजीजेन कारखान्यात आपल्या गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली, आणि स्क्वायर हे स्वस्तातलं नाव तिथूनच सुरू झालं. मग येन महागला, काम कोरियात गेलं. कोरियात पगार वाढले, काम इंडोनेशिया आणि चीनमध्ये गेलं. वाचताना इथे मी जरा थांबलो. कॉर्ट कंपनीने २००७-०८ मध्ये कोरियातले कारखाने बंद केले, आणि कामावरून काढलेल्या कामगारांचं आंदोलन २०१९ च्या एप्रिलपर्यंत चाललं. बारा वर्षांहून जास्त. काम स्वस्त देशात सरकणं म्हणजे काय ते आम्ही आयटीवाले चांगलं ओळखतो, फक्त आत्तापर्यंत आपण घेणाऱ्या बाजूला होतो. स्वस्तात मिळणाऱ्या प्रत्येक चांगल्या गिटारीच्या मागे कोणाची तरी गेलेली नोकरी आहे, एवढं तरी घेताना माहीत असावं.

असो. या सगळ्यातून मला एक कळलं. गिटारीवरचा प्रत्येक स्विच, सळई, कॉइल म्हणजे कोणाच्या तरी तक्रारीचं बंद झालेलं तिकीट आहे. तेव्हा 'हिच्यात काय काय आहे' हे विचारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार काय, तेवढं बघायचं. मी कागदावर तीन लिहिल्या. तारा उतरतात. पावसात नेक वाकते. मांडवात पंखा लागतो.

मग दुकानात गेलो आणि आवाज ऐकायच्या आधी हे तपासलं. तारा जोरात ओढून सोडल्यावर सूर जागेवर येतो का, तारा ज्या खाचांतून जातात तिथे टिक-टिक अडकतात का, फ्रेटची टोकं हाताला लागतात का, ट्रस रॉड फिरतो का. दुकानातल्या पोराला म्हटलं, "दादा, जरा ती ट्यूब लाव ना, गिटारीच्या अगदी जवळची." त्याला वाटलं काका येडे आहेत. पाचही पोझिशन ट्यूबखाली वाजवल्या. हमबकरवर शांतता. दोन पिकअपच्या मधल्या पोझिशनवरही शांतता, कारण मधली कॉइल मुद्दाम उलटी गुंडाळलेली होती. आणि बटण ओढून हमबकर अर्धा केला की घूंऽऽ हजर! साहजिकच आहे, शांत करणारी जोडीदारीणच बंद केली ना. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. आणखी एक, अर्धा केलेला हमबकर खऱ्या स्ट्रॅटसारखा वाजत नाही, जरा मिळमिळीत वाजतो. चालेल, माझ्या तीन तक्रारींत ते नव्हतं.

घेतलेली गिटार ३४ हजारांची, इंडोनेशियात बनलेली. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. उरलेल्यातले अडीच हजार एका जुन्या कारागिराला दिले. त्याने नेक, खाचा, तारांची उंची सगळं माझ्या हाताला बसवून दिलं. खरं सांगतो, ९ हजारवालीलाही हे तेव्हाच करून घेतलं असतं तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या असत्या.

यंदाच्या गणपतीत तोच मांडव, त्याच माळा, तोच बोर्ड. काका पहिल्या रांगेत. हमबकर लावून तीन गाणी झाली, सगळं शांत. चौथ्या गाण्याला चमक पाहिजे म्हणून मी बटण ओढलं. घूंऽऽ. काकांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मी गुपचूप बटण आत ढकललं.