खैबरला विमान का वाटले?

४ डिसेंबर हा नौदल दिन. मागे एकदा त्या दिवशी पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला सहज विचारले, "खैबर बुडाली तेव्हा तुमच्या घरात काय वाटले होते हो?" घरातले सांगण्याआधी मी खैबर कशी बुडाली ते सांगितले.

१९७१च्या त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. त्यांच्यावरच्या सोव्हिएत स्टिक्स क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर. नौकेचे रडार लक्ष्य शोधते, क्षेपणास्त्र त्या दिशेने झेपावते आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने जहाज हेरते. निर्घातने पाकिस्तानची खैबर ही विनाशिका टिपली. खैबरवरून संदेश गेला तो विमानहल्ल्याचा! मारणारी नौका त्यांना दिसलीच नव्हती.

पुढे पल्ला आणि वेग दोन्ही वाढले. १२ फेब्रुवारी १९९८ रोजी भारत-रशियाचा ब्राह्मोस करार झाला. आपल्या बाजूने सही होती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची. १२ जून २००१ला पहिली चाचणी झाली. सुरुवातीचा पल्ला २९० किलोमीटर. आधी घन इंधनाचे बूस्टर ढकलते, मग रॅमजेट पेटते. वेगामुळे आत शिरणारी हवा आपोआप दाबली जाते आणि त्यात द्रव इंधन जळते. वेग ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्यालगत येणारे क्षेपणास्त्र जहाजाच्या रडारला पंचवीस-तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसते. म्हणजे हातात उरतो जेमतेम अर्धा मिनिट.

आपल्या पाषाण-सुतारवाडीच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेतही रॉकेटची इंधने आणि स्फोटके यांवरच संशोधन चालते.

सगळे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्यात सगळेच कलामसाहेबांसारखे हवे होते." माझी अडचण इथेच आहे. कलामांची सही क्षेपणास्त्राच्या करारावर आहे, माझ्या देशप्रेमाच्या दाखल्यावर नाही. तसा दाखला त्या गृहस्थांकडे कोणी मागत नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे राहून गेले. ते असे : कराचीची बातमी रेडिओवर आली तेव्हा अब्बांनी शेजाऱ्यांना हाका मारून बोलावले होते. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आपली खुकरी बुडवली. १९४ जण गेले. ते कळले तेव्हा अम्मी रडली. तिने दुआ मागितली, आणि त्या दुआत खैबरवरचे खलाशीही होते.