ब्रेटन वुड्सचा तराजू

दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच युद्धोत्तर जगाच्या आर्थिक व्यवहाराची घडी बसविण्याचा प्रयत्न सुरू झाला. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था याच परिषदेतून उदयास आल्या.

हिंदुस्थान तेव्हा परतंत्र होता. शिष्टमंडळाचे नेतृत्व अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते; तथापि षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हेही त्यात होते. महाडजवळील नाते गावी जन्मलेल्या देशमुखांना या प्रश्नाची नेमकी जाण होती. युद्धासाठी ब्रिटनने येथून जो माल उचलला, त्याचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत गेले. इकडे मात्र त्यापोटी नोटा छापल्या गेल्या आणि महागाईचा भार सामान्य जनतेने सोसला. राज्यकर्ता ऋणको आणि अंकित देश धनको, अशी ही विलक्षण स्थिती होती.

या शिलकेचा काही भाग नाणेनिधीमार्फत अन्य चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी हिंदी प्रतिनिधींनी केली. हा प्रश्न उभय देशांनी आपसांत मिटवावा, असे ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी सांगितले. मागणी अमान्य झाली.

निधीतील वाटा ठरविताना हिंदुस्थानला ४० कोटी डॉलर, म्हणजे सहावे स्थान मिळाले. पुढे सोव्हिएत संघ सदस्य न झाल्याने ते पाचवे झाले व कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क लाभला. वाटा मोठा तर मतही मोठे, हे सूत्र तेथेच रुजले.

हा मान संकटसमयी मात्र पुरेसा ठरला नाही. १९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा भारताला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले आणि निधीच्या अटींवर कर्ज घ्यावे लागले.

निधीतील महत्त्वाच्या निर्णयांस ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे एकटीकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. भारताची मते ३ टक्क्यांहूनही कमी आहेत. विकसनशील देशांचा वाटा वाढविणारी २०१० सालची सुधारणा अमेरिकी संसदेच्या संमतीअभावी रखडली व २०१६ मध्ये अमलात आली. तराजूत भारताचे वजन वाढले. तराजू धरणारा हात तोच राहिला.