भिंत नसलेला तुरुंग

एमआयडीसीमुळे आपल्या कारेगावात खोल्यांना गिऱ्हाईक कायम असतं. परवा एक जण खोली बघायला आला. बोलता बोलता स्वतःच म्हणाला, "येरवड्याला शिक्षा भोगून आलोय." मी सांगितलं, खोली गेली. खोली रिकामीच होती.

रात्री आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवलं. १९३९ साली औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिथं कैद्यांची वसाहत उभी केली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची. भोवती तुरुंगाची भिंत नाही. खुनाची शिक्षा झालेली माणसंसुद्धा तिथं शेतात राबायची, बायकापोरांसोबत राहायची. त्याच वर्षी राजानं संस्थानचा कारभारही प्रजेच्या हाती दिला होता. विश्वास टाकायची सवयच होती म्हणा ना! 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यावरूनच सुचला, कथा त्याच भागातल्या माडगूळच्या गदिमांची. हा सिनेमा मी चार वेळा पाहिलाय. डोळे पुसत पाहिलाय. आणि दारात खरा माणूस आला तर खोटं बोललो.

नंबरही घेतला नाही त्याचा. दादा, हे वाचत असाल तर या. खोली अजून रिकामी आहे.