श्रीराम अभ्यंकर : बहुपदींवर अढळ श्रद्धा असणारा गणिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीजगणित अधिकाधिक अमूर्त होत असताना, शाळेत शिकविल्या जाणाऱ्या बहुपदींच्या आकडेमोडीतूनच सखोल गणित घडू शकते, हे ज्यांनी सिद्ध करून दाखविले त्यांत डॉ. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचे नाव अग्रभागी आहे. क्रमनिरपेक्ष बीजगणित आणि बैजिक भूमिती ही त्यांची कार्यक्षेत्रे होती.

अभ्यंकर यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे मराठी कुटुंबात झाला. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

झारिस्कींनी त्यांना ज्या प्रश्नाकडे वळविले तो विलक्षण बिंदूंच्या निरसनाचा होता. 'य'चा वर्ग 'क्ष'च्या घनाइतका असे समीकरण मांडले, की मिळणाऱ्या वक्राला आरंभबिंदूपाशी टोक येते. 'य'च्या जागी 'क्ष' गुणिले 'ट' घातल्यास समान अवयव जाऊन 'ट'चा वर्ग म्हणजे 'क्ष' एवढेच उरते. हा गुळगुळीत अन्वस्त आहे. टोक नाहीसे होते. प्रत्येक समीकरणाच्या बाबतीत असे करता येईल काय, हा मूळ प्रश्न.

नेहमीच्या संख्यांसाठी तो हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सर्व मितींत सोडविला. मात्र घड्याळातल्या तासांप्रमाणे एखाद्या मूळ संख्येपर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येणाऱ्या संख्याप्रणालीत अडचण वेगळीच असते. वर्ग पूर्ण करण्याच्या परिचित युक्तीत दोनने भागावे लागते. जेथे दोन म्हणजेच शून्य, तेथे ती युक्ती कोलमडते. अभ्यंकर यांनी अशा प्रणालींतील पृष्ठांचा प्रश्न १९५६ मध्ये, तर दोन, तीन व पाच या मूळ संख्या वगळून त्रिमितीय प्रश्न १९६६ मध्ये सोडविला. वगळलेल्या संख्यांसह संपूर्ण त्रिमितीय उत्तर कोसार व पिल्टां यांच्या २००८ आणि २००९ मधील शोधनिबंधांतून मिळाले. चार वा अधिक मितींसाठी सर्वमान्य सिद्धता मात्र अद्याप नाही. अभ्यंकर यांच्या कार्याचे मोल यावरून लक्षात यावे.

अशा प्रणालींतील वक्रांच्या आवरणांमागे कोणते सममितीगट असू शकतात, याविषयी त्यांनी १९५७ मध्ये मांडलेली 'अभ्यंकर अटकळ' सुमारे चार दशकांनी रेनो आणि हार्बेटर यांनी सिद्ध केली. त्यानंतरही अभ्यंकर स्वस्थ बसले नाहीत. गट अस्तित्वात आहे एवढे समाधान त्यांना पुरेसे नव्हते. तो देणारे समीकरण कागदावर दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि अनेक गटांसाठी त्यांनी सुटसुटीत समीकरणे लिहूनही दाखविली.

टी. टी. मोह यांच्यासह १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला सिद्धांत याच दृष्टीचे फळ होय. नेहमीच्या संख्यांवरील एका चलाच्या दोन बहुपदींपासून तो चल पुन्हा बहुपदीरूपाने मिळविता येत असेल, तर त्यांपैकी एकीची कोटी दुसरीच्या कोटीला निःशेष भागते. विधान शालेय विद्यार्थ्याला समजेल. सिद्धता मात्र सोपी नाही. मूल्यांकनांविषयीची 'अभ्यंकर असमता' आणि 'अभ्यंकर लेमा' ही नावेही या शास्त्रात रूढ झाली आहेत.

१९६३ पासून ते इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात होते. तेथे गणिताबरोबरच संगणकशास्त्र व औद्योगिक अभियांत्रिकीचेही ते प्राध्यापक झाले, कारण प्रत्यक्ष गणन करता येणारे बीजगणित अभियंत्यालाही हवे असते. बैजिक भूमितीच्या इतिहासाचा मागोवा घेणाऱ्या लेखासाठी त्यांना १९७८ मध्ये शोव्हने पारितोषिक मिळाले.

मायदेशाशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणितसंशोधनाला वाहिलेली संस्था स्थापन केली. अविनाश साठये, सुधीर घोरपडे यांसारख्या शिष्यांनी त्यांची परंपरा पुढे नेली. २ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. अमूर्त सिद्धांतांच्या जोडीला प्रत्यक्ष समीकरण हाती असावे, हा त्यांचा आग्रह संगणकाच्या साहाय्याने बीजगणित करणाऱ्या नव्या पिढीला अधिकच जवळचा वाटावा असा आहे.