दाबोळीची धावपट्टी

मुरगाव बंदराच्या पाठीशी जांभ्या दगडाचे एक रुक्ष पठार आहे. कोकणात अशा पठाराला सडा म्हणतात. दाबोळीच्या या सड्यावर पोर्तुगीज सरकारने विमानतळ उभारला, तो गोमंतकीय प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे. १९५४ साली दादरा व नगरहवेली हातची गेली आणि भारताने गोव्याभोवतीची नाकेबंदी आवळण्यास आरंभ केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरहद्द पुरती मिटली. कॅसलरॉकहून घाट उतरून मुरगावला येणारी आगगाडी थांबली. बेळगावच्या भाजीपाल्यावर वाढलेल्या गोव्यात हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ येऊ लागला.

त्याच १९५५ साली दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. पुढे त्याला गव्हर्नर-जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव देण्यात आले. पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतंत्र विमानसेवाही त्याच वर्षी निघाली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात; पुढे लिस्बनपर्यंतही हा मार्ग वाढला. गोव्याहून दमणला जाणाऱ्या गृहस्थाने आगगाडीचा मार्ग सोडून समुद्रावरून उडत जावे, हा त्या राजनीतीचाच विनोद म्हणावा लागेल.

हा सारा डोलारा साडेसहा वर्षे टिकला. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमाने दाबोळीवर आली आणि त्यांनी ६३,००० पौंड वजनाचे बाँब धावपट्टीवर टाकले. थोड्या वेळाने आणखी ८ विमाने येऊन गेली. घाटापलीकडच्या सांबरे तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. मात्र विमानतळाच्या इमारतीला आणि तेथे उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना हेतुपूर्वक धक्का लावला गेला नाही. ती शाबूत हाती यावीत, असा बेत होता. तो फसला. रात्रीच्या अंधारात, धावपट्टीचा जो तुकडा वापरण्याजोगा उरला होता त्यावरून, दोन्ही विमाने अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन उडाली आणि समुद्रालगत खालून जात कराचीला पोहोचली. गोव्याचा सामान्य माणूस त्या रात्री घरातच होता. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर-जनरल व्हासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी भारतीय नौदलाच्या ताब्यात आली आणि १९६४ साली कोइमतूरजवळच्या सुलूर येथील 'हंसा' हा नौदलाचा हवाई तळ येथे हलला. त्यामागे सबळ कारण होते. विमानवाहू जहाज वाऱ्याच्या रोखाने वेगात चालले असता त्यावरून विमान उडवणे सुकर होते. नांगरलेल्या जहाजावरून ते जवळजवळ अशक्यच. म्हणून 'विक्रांत' बंदरात शिरण्यापूर्वी तिच्या सी हॉक व अलीझे विमानांना किनाऱ्यावर घर लागे. समुद्राला खेटून असलेला हा सडा त्यासाठी जणू घडवलेलाच होता.

मुलकी प्रवाशाला मात्र मुक्तीनंतरही थांबावे लागले. इंडियन एअरलाइन्सची सेवा १९६६ साली सुरू झाली. १९८०च्या दशकात युरोपातील पर्यटकांची खास विमाने येऊ लागली, गर्दी वाढली, २०१३ साली प्रशस्त इमारत झाली. परंतु धावपट्टी आणि आकाशाचे नियंत्रण नौदलाकडेच राहिले. वैमानिकांच्या सरावासाठी आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळचे कित्येक तास प्रवासी विमानांना वर्षानुवर्षे बंद राहिले. विमान कंपन्यांनी तक्रारी केल्या, नौदलाने संरक्षणाची गरज पुढे केली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि एकाच पट्टीवर दोन्ही पुरी होणे कठीण होते.

५ जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातील मोपा येथे दुसऱ्या विमानतळावरून उड्डाणे होऊ लागली. तो पहिल्यापासून प्रवाशांसाठीच बांधलेला आहे. त्यामुळे दाबोळी ओस पडेल, ही भीती दक्षिण गोव्यातील टॅक्सीवाले आणि हॉटेलमालक तो बांधला जाण्याच्या कितीतरी आधीपासून बोलून दाखवीत होते.