कृत्रिम गोडी : भीती किती, खबरदारी किती?

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) हा सहकारी साखर कारखानदारीचा आद्य जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगर येथे उभारलेल्या कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. उसाच्या या पट्ट्यातही आज मधुमेही व्यक्तीच्या चहात साखरेऐवजी छोटी पांढरी गोळी पडते. ती कितपत निर्धोक आहे, याविषयी मात्र अनेकांच्या मनात शंका असते.

कृत्रिम गोडी देणाऱ्या पदार्थांत सॅकरिन सर्वांत जुने. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७९ मध्ये त्याचा शोध लागला. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असते. ॲस्पार्टेम सुमारे २०० पट, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड. त्यामुळे अत्यल्प मात्रा पुरते आणि उष्मांक नगण्य राहतात. ॲस्पार्टेमची गोडी दीर्घकाळ उकळल्यास कमी होते. म्हणून खिरीसारख्या पदार्थांत ते शिजवताना घालू नये.

सॅकरिनमुळे उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्याचे १९७० च्या दशकात आढळले आणि अमेरिकेत त्यावर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे झाले. उंदरांतील ही प्रक्रिया माणसाला लागू पडत नाही, असे पुढे स्पष्ट झाल्याने २००० मध्ये ही सक्ती उठली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेमचा समावेश 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा पदार्थांच्या गटात केला. हे वर्गीकरण पुरावा किती सबळ आहे हे सांगते, धोका किती मोठा आहे हे नव्हे. आणि येथे पुरावा मर्यादितच आहे. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा कायम ठेवली. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती २,४०० मिलिग्रॅम होते. चहातील एक-दोन गोळ्यांमधून पोटात जाणारे प्रमाण याच्या जवळपासही जात नाही.

मात्र निर्धोक म्हणजे हितकारक नव्हे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. त्यांचा दीर्घकाळ वापर करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचे प्रमाण अधिक दिसते. पण त्यात कारण कोणते व परिणाम कोणता, हे निश्चित झालेले नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेम पूर्णपणे टाळावे. तशी सूचना वेष्टनावर असते. लहान मुलांना या पदार्थांची सवय लावू नये. 'शुगर-फ्री' मिठाईतही खवा, तूप व मैदा असतोच, हे विसरू नये. साखरेला पर्याय शोधण्यापेक्षा गोडाची ओढच हळूहळू कमी करणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.